कमी पैशांत गेमिंग पीसी : ही यादी जमतेय का, बघा

रात्रपाळी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझा जुना डेस्कटॉप आता गाणी वाजवण्यापुरता उरलाय. भाचा आणि मी मिळून नवा पीसी स्वतःच्या हातांनी जोडायचं ठरवलंय. खेळ म्हणजे मुख्यतः व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, सुट्टीत एखादा मोठा कथेचा खेळ. महिन्यातून एकदा थोडं व्हिडिओ एडिटिंग. मॉनिटर आहे : १०८०पी, १४४ हर्ट्झ. तो बदलायचा नाही. पैसे मोजके आहेत, त्यामुळे एकदा घेतलेलं चार-पाच वर्षं चालावं ही इच्छा.

आम्ही काढलेली यादी :

प्रोसेसर : रायझन ७ ५७००
बोर्ड : ए५२०, दोन रॅम स्लॉटवाला
रॅम : डीडीआर४, १६ जीबीची एकच स्टिक
ग्राफिक्स कार्ड : आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
स्टोरेज : ५१२ जीबी एनव्हीएमई
कॅबिनेट : समोर काच, रंगीत पंखे, सोबत ‘५०० वॉट’चा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा)

काही चुकतंय का?

खडूस_पंखा

एसएमपीएसबद्दल नंतर बोलतो, आधी राग शांत होऊ दे.

बाकीच्या यादीत सुटा सुटा भाग पाहिला तर ठीक आहे, पण यांचं आपसात पटत नाही. ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त ४ लेनमधून (माहितीच्या वाटांमधून) बोलतं. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी. ती ४.० असेल तर एका लेनमधून सेकंदाला साधारण २ जीबी जातात, म्हणजे ४ लेनमधून ८. पीसीआयई ३.० असेल तर बरोबर निम्मे, ४ जीबी. तुमचा ए५२० बोर्ड ३.० चा. बरं, बोर्ड बदलून बी५५० घेतलात तरी उपयोग नाही, कारण रायझन ५७०० (ज्याच्या नावापुढे एक्स नाही तो) स्वतःच ३.० वर अडकलेला आहे.

याचा त्रास कधी होतो? कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की. ती भरली की कार्ड उरलेला माल रॅममधून ओढायला लागतं, आणि तो त्या अरुंद बोळातून येतो. हल्लीच्या मोठ्या खेळांत ४ जीबी मेन्यूतून बाहेर पडेपर्यंतच भरतात. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरा दिसतो आणि खेळ मात्र दर चार पावलांवर ठेचकाळतो.

शिवाय तुम्ही व्हिडिओ एडिट करता म्हणताय. या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. खेळ रेकॉर्ड करायचा किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

कार्ड बदला. आरएक्स ६६००. ८ जीबी, ८ लेन, १३२ वॉट. २०२१चं आहे, पण १०८०पीला अजून पुरतं. बोर्ड ३.० चा निघाला तरी ८ लेन आणि ८ जीबी असल्यामुळे फारसं बिघडत नाही.

रात्रपाळी

बापरे. लेन वगैरे आम्ही पाहिलंच नव्हतं, दोघांनी फक्त ‘२०२२चं कार्ड म्हणजे २०२१च्यापेक्षा नवं’ एवढाच हिशेब केला.

पण ६६०० घ्यायचं तर दुसरीकडे कात्री लावावी लागेल. प्रोसेसर सोडायला जिवावर येतंय हो. ८ कोअर आहेत.

तिसरा_डोळा

ताई, कात्री तिथेच लावा. रायझन ५ ५६०० घ्या. कोअर ६, थ्रेड १२, आणि खेळांत तो ५७००च्या पुढे असतो.

हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. ५७०० हा लॅपटॉप घराण्यातला चिप आहे, त्याचा ग्राफिक्सचा भाग बंद करून विकलेला. त्या घराण्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी. ५६००मध्ये ३२ एमबी. प्रोसेसरला लागणारी माहिती कॅशेत सापडली नाही की रॅमकडे जावं लागतं, आणि रॅम त्याच्या दृष्टीने फार लांब आहे. खेळांत, विशेषतः तुमच्या दोन्ही नेमबाजीच्या खेळांत, प्रोसेसरचा वेळ या येरझाऱ्यांत जातो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम ६.९ मिलिसेकंद. त्यात किती येरझाऱ्या परवडतील?

५६००ला पीसीआयई ४.० आहे आणि नव्या डब्यात कूलर सोबत येतो. ५५०० नावाचा एक भाऊ आहे, तो स्वस्त दिसेल. त्याला हात लावू नका, त्याची गत ५७००सारखीच : १६ एमबी आणि ३.०.

एडिटिंगला ८ कोअरचा थोडा फायदा होईल, नाही असं नाही. पण महिन्यातून एकदा दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

शॉर्टसर्किट

एवढं कशाला? सर्व्हरमधून निघालेला झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या. १४ कोअर, २८ थ्रेड! एक्स९९ बोर्ड आणि रॅमसकट अख्खा संच नव्या प्रोसेसरच्या भावात पडतो. कोअर मोजत बसणाऱ्यांसाठी मेजवानी.

खडूस_पंखा

आलात का? तुमचीच वाट बघत होतो.

ई५-२६८० व्ही४ हा २०१६चा सर्व्हर प्रोसेसर. एकेक कोअर ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, आणि त्या पिढीत एका ठोक्यात होणारं कामही ५६००च्या मानाने बरंच कमी. खेळाला १४ कोअर दिलेत तरी तो मुख्य काम एक-दोन कोअरवरच टाकतो. बाकीचे बारा खिडकीतून बघत बसतात. वर तो १२० वॉटचा. स्वस्तातले ते एक्स९९ बोर्ड बऱ्याचदा जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिपसेटवर बनतात, त्यांना बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कोण देणार? विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही पीसीच्या सुरक्षेच्या सोयी) लागतं. धागाकर्ती व्हॅलोरंट खेळते. विषय संपला.

शॉर्टसर्किट

माझ्याकडे तीन वर्षं उत्तम चाललाय.

तिसरा_डोळा

काय खेळता?

शॉर्टसर्किट

बुद्धिबळ.

बिनपंख्याचा

खिक्!

थोडं वेगळं सुचवतो. आत्ता कार्ड घेऊच नका. ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्या, ५६००जी किंवा एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) ८६००जी. पैसे साठले की कार्ड. मी स्वतः वर्षभर असंच काढलं.

तिसरा_डोळा

हा मार्ग काहींना बरोबर आहे, पण तुम्ही कार्ड घ्याल तेव्हा काय होईल तेही सांगा. ५६००जी म्हणजे पुन्हा तेच १६ एमबी, तेच ३.०. उद्या कार्ड आलं की प्रोसेसर मागे पडलेला.

शिवाय आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवर जगतं. डीडीआर४ ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या तर ५१.२. आरएक्स ६६००च्या मेमरीचा वेग आहे २२४. व्हॅलोरंट आतल्या ग्राफिक्सवर आरामात चालेल, काउंटर-स्ट्राइक २ सेटिंग खाली ओढून खेळता येईल, कथेचे मोठे खेळ मात्र विसरायचे.

(आतलं ग्राफिक्स वापरणाऱ्याने एकच स्टिक लावली तर त्याला मी दोष देणार नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहीन.)

कोपऱ्यातला

एसएमपीएसवर कुणी लिहिणार की मी लिहू? मी दुरुस्तीचं काम करतो, एवढी ओळख पुरे.

रात्रपाळी ताई, त्या कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असेल. ‘५०० वॉट’ हे मोठ्या अक्षरांत असतं, ते वाचू नका. तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते इथे टाका.

रात्रपाळी

फोटोत दिसतंय त्यावरून १२ व्होल्टखाली १८ अँपिअर.

कोपऱ्यातला

१२ गुणिले १८. २१६ वॉट. तुमच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ५०० या आकड्यातला उरलेला भाग ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेला असतो, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४० अँपिअरच्या पुढचा आकडा दिसतो.

आता तुमची गरज. ५६०० हा नावाला ६५ वॉटचा, भरात आला की ७६ पर्यंत घेतो. ६६०० चे १३२. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरू. झाले २६० च्या आसपास. कार्ड क्षणभर याहून मोठे घोट घेतं, त्यासाठी जागा सोडायची. म्हणून ४५० वॉटचा *खरा* एसएमपीएस पुरतो, आणि पुढे मोठं कार्ड घालायची इच्छा असेल तर ५५० घ्या. ८५० वगैरेच्या भानगडीत पडू नका.

८० प्लस ब्राँझचा शिक्का बघतात सगळे. तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामी येते एवढंच सांगतो, अर्ध्या भारावर ८५ टक्के वगैरे. आतले कपॅसिटर कसे आहेत, ओव्हरलोड झाल्यावर तो मुकाट बंद पडेल की जाताना चार जणांना घेऊन जाईल, हे त्यात नाही. त्यासाठी नेमक्या त्या मॉडेलचं कुणी उघडून केलेलं परीक्षण वाचा. मिळालं नाही तर वॉरंटीची वर्षं बघा. पाच वर्षं देणाऱ्याला काहीतरी खात्री असते, एक वर्ष देणाऱ्यालाही असते, वेगळी.

आणखी एक. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्या कंपनीच्या, कधीकधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. प्लग बसतो. पिनांचा क्रम मात्र वेगळा असतो. एका गृहस्थांनी माझ्याकडे दोन हार्ड डिस्क आणल्या होत्या, दोन्हीत दहा वर्षांचे फोटो. केबल ‘तशीच दिसत होती’.

जुनं_कार्ड

वरच्या प्रतिसादाला दंडवत.

कार्डाबद्दल माझे दोन शब्द. पैसे मोजके असतील तर वापरलेलं कार्ड बघायला लाज वाटू देऊ नका. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) सप्टेंबर २०२२मध्ये संपलं, त्यामुळे तेव्हा राबलेली कार्डं एक तर केव्हाच मेली किंवा त्यानंतर एखाद्याच्या घरी सुखात राहिली. मायनिंगच्या कार्डाचे आधी पंखे जातात, चिप सहसा टिकते.

घेताना समोर चालवून बघायचं, फोटोवर नाही. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून नाव, मेमरी आणि शेडरांची (कार्डातल्या छोट्या गणकांची) संख्या जुळवायची. आरएक्स ५८०च्या नावाखाली २०४८ शेडरवालं कार्ड खपवतात, खऱ्या ५८०ला २३०४ असतात. मग पंधरा-वीस मिनिटं भारी खेळ चालवून तापमान बघायचं आणि पंखा ऐकायचा. पडद्यावर ठिपके, चौकडे, रंगीत रेघा दिसल्या की नमस्कार करून निघायचं.

मात्र फार मागे जाऊ नका. जीटीएक्स १०६०, १०७० छान कार्डं होती, पण एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून बंद केले, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. १६६० सुपर अजून धडधाकट आहे, पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावली खऱ्यासारखी मोजायचं) हार्डवेअर नाही, आणि ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’, ‘डूम : द डार्क एजेस’सारखे खेळ त्याशिवाय सुरूच होत नाहीत. सेटिंग कमी करून भागेल असा हा मामला नाही. आरएक्स ६६००, आरटीएक्स २०६० सुपर ही दोन्ही त्या दारातून आत जातात, शेवटच्या रांगेत बसतात, पण जातात.

बिनपंख्याचा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

हळूहळू_अपग्रेड

मी जरा वाद घालतो. चार-पाच वर्षं चालावं म्हणताय आणि सगळे तुम्हाला ५६००चं जुनं सॉकेट, एएम४, गळ्यात मारतायत. ते सॉकेट २०१६चं. ५६००च्या वर जायला उरलंय काय? ५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी हे ९६ एमबी कॅशेवाले उत्तम होते, पण आता नवे मिळणं कठीण. एएम५वर ७५००एफ किंवा ७६०० घ्या, तीन वर्षांनी बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर घाला. एएमडीने २०२७पर्यंत आणि पुढेही ते सॉकेट चालवायचा शब्द दिलाय.

खडूस_पंखा

मुद्दा रास्त आहे. माझ्या स्वतःच्या पैशांनी, आज, हात मोकळा असता तर मीही एएम५च घेतला असता. पण एएम५ला डीडीआर५ लागते, दुसरा पर्यायच नाही. आणि २०२५च्या शेवटापासून रॅमचं काय झालंय ते बघताय ना? मेमरी बनवणाऱ्यांनी आपला माल एआयच्या डेटासेंटरांकडे वळवलाय, घरगुती रॅमला शिल्लक माल. डीडीआर४ही महागली, तरी ती वापरलेली चिक्कार फिरते.

एएम५वर जायचं म्हणून कार्ड ६६००वरून खाली उतरवावं लागणार असेल, तर आत्ता मिळणारा खेळ उद्याच्या अपग्रेडसाठी गहाण टाकल्यासारखं होईल. आणि ‘तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलीन’ म्हणणारे प्रत्यक्षात किती बदलतात? मी आजवर एकदा बदलला. बाकी प्रत्येक वेळी बोर्डासकट सगळंच गेलं.

हळूहळू_अपग्रेड

मी दोनदा बदललाय. नाव वाचा.

रात्रपाळी

भांडू नका हो, छान माहिती मिळतेय. भाच्याकडे त्याच्या जुन्या पीसीतली डीडीआर४ ८ जीबी, २४००ची एक स्टिक आहे. ती वापरता येईल का? एक नवी ८ जीबी घेऊन जोडी लावली तर?

इंटेलचं कुणीच बोलत नाहीये, आय५-१२४००एफ? आणि इंटेलचंच आर्क बी५८० कार्ड १२ जीबीचं दिसतंय, ते?

तिसरा_डोळा

प्रश्न तीन, उत्तरं उलट्या क्रमाने.

बी५८० : कार्ड दमदार आहे, १२ जीबी आणि १९२ बिट. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो. ताज्या प्रोसेसरसोबत जे एफपीएस परीक्षणांत दिसतात ते ५६००सोबत काही खेळांत मिळत नाहीत, आणि तुमचे दोन्ही आवडते खेळ प्रोसेसरवर तोललेले. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बायोसमधून चालू नसेल तर आणखी घसरतं. एएम५वाल्याने जरूर बघावं.

१२४००एफ : ५६००च्या तोडीस तोड, डोळे झाकून घ्या. १३व्या-१४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना व्होल्टेजचा जो आजार झाला होता, तो १२व्याला नाही. नावातला एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. सोबत स्वस्तातला एच६१० बोर्ड आला तर रॅमचे स्लॉट दोनच असतात, एवढं ध्यानात घ्या. डीडीआर४चा बोर्ड आणि डीडीआर५चा बोर्ड वेगवेगळे येतात आणि नावं सारखीच, तेही बघून घ्या. दोघांची खाच वेगळी असते, जबरदस्तीने बसत नाही, पण लोक प्रयत्न करतात.

रॅम : मिसळ केली तर दोन्ही स्टिका सगळ्यात संथ स्टिकच्या वेगाने चालतात. म्हणजे २४००. रायझनला ३२०० आवडते. आणि कधीकधी अशी जोडी लागतच नाही, रात्री दोनला पीसी आपोआप रीस्टार्ट होतो आणि कारण सापडत नाही. ८-८ची एका डब्यातली जोडी घ्या, ३२००, सीएल१६ (रॅमच्या विलंबाचा आकडा). बोर्ड चार स्लॉटचा घ्या म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते. तुमच्या मूळ यादीतली १६ची एक स्टिक ‘नंतर दुसरी घालीन’ या विचाराने होती ना? तोवर प्रोसेसर एका पायावर लंगडत राहतो.

कोपऱ्यातला

स्टोरेज ५१२ नको, १ टीबी घ्या, हल्ली एकेक खेळ १०० जीबी खातो. टीएलसी मिळाली तर क्यूएलसी घेऊ नका (दोन्ही डिस्कमधल्या मेमरीचे प्रकार). जेन ४ (म्हणजे पीसीआयई ४.०)चे ७००० एमबीवाले आकडे सोडून द्या, खेळात जेन ३ आणि त्यात फरक शोधायला घड्याळ लागतं.

समोर काच असलेलं कॅबिनेट बघायला सुंदर. हवा कुठून येणार?

रात्रपाळी

ठरलं. ५६००, बी५५० मायक्रो एटीएक्स चार स्लॉट, ८-८ ३२००, वापरलेलं आरएक्स ६६०० (जुनं_कार्ड यांनी सांगितलं तसं समोर वीस मिनिटं चालवून घेतलं, विकणारा कंटाळला), १ टीबी, ५५० वॉट पाच वर्षं वॉरंटी, समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट. भाच्याला काच आणि रंगीत दिवे गेल्याचं दुःख आहे. रविवारी जोडतोय.

खडूस_पंखा

कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर सगळं मांडून एकदा चालू करून बघा. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, प्रोसेसरकडून मोजून. कूलरखाली प्लास्टिकची फिल्म असेल तर काढा. हसू नका.

रात्रपाळी

खोक्यावर व्यवस्थित चालू झाला. मग कॅबिनेटमध्ये बसवला आणि आता पंखे फिरतायत, पडदा काळा. बोर्डावर ‘सीपीयू’ लिहिलेल्या जागी लाल दिवा. भाचा गप्प बसलाय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, कुणी जागं आहे का?

कोपऱ्यातला

जागा आहे. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचं सॉकेट आहे, प्रोसेसरच्या विजेचं. बोर्ड आत बसवल्यावर तिथे हात जात नाही, म्हणून लोक नंतरसाठी ठेवतात आणि विसरतात. बघा. कार्डाची आठ पिनांची केबल तिथे लावायची नाही हां, तिची रचना वेगळी, केबलवरच सीपीयू लिहिलेलं असेल.

रात्रपाळी

!!!!!

चालू झाला. केबल मागच्या बाजूला लोंबकळत होती. भाचा म्हणतो, ‘मी सांगितलं होतं.’ त्याने सांगितलं नव्हतं.

तिसरा_डोळा

अभिनंदन. झोपायच्या आधी तीन गोष्टी. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सोय) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत राहील. रिसायझेबल बार चालू आहे का बघा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, बऱ्याचदा मॉनिटर ६०वरच सुरू होतो. मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना? बोर्डाला लावली असती तर ५६००ने काहीच दाखवलं नसतं, तेव्हा ती बरोबरच असेल.

शॉर्टसर्किट

बुद्धिबळात किती एफपीएस येतात तेवढं कळवा.

रात्रपाळी

आठवड्याचा वृत्तांत. रॅम खरंच २४००वर होती. मॉनिटरही ६०वर. दोन्ही दुरुस्त केल्यावर व्हॅलोरंट १४४च्या खाली येतच नाही. काउंटर-स्ट्राइक २ एरवी २००च्या आसपास, धुराच्या गर्दीत १३०पर्यंत उतरतो. कार्ड ७० अंशांच्या आसपास राहतं. एक व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, कार्डाकडून करून घेतला, पूर्वी ज्या वेळात तो अर्धा व्हायचा त्यात पूर्ण झाला आणि वर मी भांडी घासून आले.

एक शंका उरली आहे. खेळ बंद केल्यावर कॅबिनेटमधून टिक-टिक-टिक असा बारीक आवाज येतो. खेळ चालू असताना नाही येत. कार्ड वापरलेलं आहे म्हणून धास्ती वाटते.

जुनं_कार्ड

खेळ नसताना ६६००चे पंखे बहुतेक कंपन्यांच्या कार्डांत थांबतात. त्यामुळे आवाज कार्डाचा असायची शक्यता कमी. भार कमी झाला की कॅबिनेटचा पंखा हळू होतो आणि एखादी सैल केबल त्याच्या पात्याला लागत असेल. वेगात असताना तोच आवाज घरघरीत मिसळून जातो. पीसी बंद करून मागच्या पंख्याजवळ बघा.

रात्रपाळी

तीच. तीच ती आठ पिनांची केबल. बांधून टाकली.